घोडा सरकारी

इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहती मी तीस वर्षं एका तासात शिकवल्या. फळ्यावर उभी रेघ ओढायची. डावीकडे लिहायचं ‘उत्तर : धर्मासाठी’, उजवीकडे ‘दक्षिण : धनासाठी’. डावीकडे कुटुंबं, शाळा, लहान गावं. उजवीकडे एकटे पुरुष, तंबाखू, मोठे मळे, गुलाम. ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न हमखास यायचा आणि मुलं पाचपैकी पाच मार्क घेऊन जायची. माझी रेघ सरळ यायची, याचाच मला अभिमान होता.

या मे महिन्यात ती दोन्ही ठिकाणं पाहून आलो. बोस्टनला माझी भाची रेवा शिकते आणि व्हर्जिनियात, रिचमंड गावाबाहेर, माझी धाकटी बहीण वसुधा राहते. तिकीट तिनेच काढलं. फोनवर म्हणाली, “दादा, चेवडा-बिवडा काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. येताना शिलेदाराचा कागद आण. फ्रेम करून रेवाला द्यायचाय. इथे लोक सांगतात ना, आमचे पूर्वज पहिल्या जहाजातून आले. तिच्याकडेही काहीतरी असू दे.”

या कागदाबद्दल आधी सांगायला हवं. आमचं घर बडोद्याच्या रावपुऱ्यातलं. पूर्वज फौजेबरोबर बडोद्याला आले ते इथलेच झाले. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य : आपण शिलेदार. म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला आलेले. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांत हा फरक अजूनही लग्न जमवताना निघतो, जणू घोडे बाहेर स्कूटरशेजारी बांधलेले आहेत. आमचे गुजराती शेजारी वडिलांना म्हणायचे, “साहेब, अढीसो वरस थयां, हवे महेमान क्यां सुधी?” अडीचशे वर्षं झाली, आता पाहुणे कुठवर राहणार? वडील हसायचे, पण घोड्याचं सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत.

पुरावा म्हणून तो एक कागद. मोडीत लिहिलेला, त्यामुळे घरात कोणालाच वाचता न येणारा. वडील गेल्यावर मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मोडी शिकलो आणि पहिल्यांदा तोच कागद काढला. त्यात लिहिलं होतं : पागेकडील बारगीर, घोडा सरकारी.

मी कागद घडी करून परत ठेवला. कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी शहराच्या टोकाला असलेल्या तरसालीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. ते जळगावकडून रेल्वेत फिटर म्हणून बडोद्याला आलेले, मुलगा दिनेश मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात केमिकल इंजिनिअर. वसू आणि दिनेशचं आधीच ठरलेलं होतं, त्यांना फक्त माझा होकार हवा होता. मी त्या गृहस्थांना माझ्या बैठकीत, माझ्या आईसमोर म्हणालो, “तुम्ही लोक पोटासाठी आलेले. आम्ही शिलेदार. कसं जमणार?”

ते उठून गेले. वसूने कचेरीत जाऊन लग्न केलं, मी गेलो नाही. सहा वर्षांनी ती दोघं लहानग्या रेवाला घेऊन अमेरिकेला गेली. पुढे आई गेली तेव्हा वसू आली, उतरली तरसालीला. हळूहळू भाऊबीजेचे फोन सुरू झाले. दिनेशचे वडील मधल्या काळात वारले. या सगळ्याला चोवीस वर्षं झाली, आणि आता तोच कागद ती भिंतीवर लावायला मागत होती. मी वाचून दाखवीन तेच खरं ठरणार होतं. नुसतं ‘शिलेदार’ म्हटलं की संपलं असतं.

प्लिमथ

बोस्टनला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रेवा मला प्लिमथला घेऊन गेली. १६२० साली धर्मासाठी देश सोडलेली इंग्रज कुटुंबं इथे उतरली, हा माझा डावा रकाना. समुद्रकाठी खांबांचा एक मंडप आहे, त्याच्या तळाशी कठडा. कठड्यावरून मी खाली वाकून पाहत होतो.

“दगड कुठेय?” मी विचारलं.

“मामा, तुम्ही बघताय तोच.”

“हा?”

“हाच. सगळे असंच म्हणतात.”

त्या माणसांनी या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं तो हा दगड. रावपुऱ्यात याच्याहून मोठा धोंडा लोकांनी दुकानापुढे गाडी लावू नये म्हणून टाकलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्या बाईंना मी माझ्या मास्तरी इंग्रजीत विचारलं, हाच दगड कशावरून? त्या म्हणाल्या, तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. शंभरहून अधिक वर्षांनी एका वृद्ध गृहस्थाने सांगितलं की वडीलधाऱ्यांनी मला हाच दाखवला होता. तेव्हापासून हाच.

रेवाला हसू आलं. मला आलं नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणून खरं, हे मला चांगलं ओळखीचं होतं.

बाईंनी पुढे जे सांगितलं त्याने माझा फळा पुसायला सुरुवात केली. त्या जहाजातली बरीचशी माणसं धर्मासाठी निघालेल्या त्या पंथाची नव्हतीच. कोणी जमिनीसाठी आलेलं, कोणी नोकर म्हणून, कोणी नशीब काढायला. आणि प्रवासाचा पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातलेला; तो फेडायला ही देवभोळी माणसं कित्येक वर्षं प्राण्यांची कातडी गोळा करून पाठवत होती. तरीही फरक पडला, असं त्यांचं म्हणणं. कारण बायका-मुलं बरोबर होती. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली, पण उरलेल्यांना परत जायचं नव्हतं. त्यांनी घरं एकमेकांना लागून बांधली, मुलांना धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून पुढे त्या भागात शाळा निघाल्या. ज्याला राहायचंच आहे तो आधी काय बांधतो, त्यावरून गावाचा स्वभाव ठरतो.

दगडामागे टेकडी आहे. तिथे एक फलक आहे, तो इथल्या मूळ लोकांचा. देशभर लोक आभाराचा सण साजरा करतात त्या दिवशी ते लोक इथे जमून शोक पाळतात, असं त्यावर लिहिलंय. हे गाव वसलं तिथे आधी त्यांचं गाव होतं, परक्यांनी आणलेल्या साथीत ते रिकामं झालेलं. मी तीस वर्षांत हे एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फक्त येणारी माणसं होती. जे आधीपासून होते त्यांना मी रकानाच ठेवला नव्हता.

दुपारी रेवाने शिंपल्यांचं दाट पांढरं सूप खायला घातलं. पेज आणि कालवण यांच्यामधलं काहीतरी, पण चांगलं. त्याबरोबर मक्याचा पाव. छोटाउदेपूरकडे मक्याचा रोटला लसणाच्या चटणीबरोबर खाल्लेल्या माणसाला तो गोड पाव म्हणजे चेष्टाच वाटते. मी तसं म्हणालो तर रेवा म्हणाली, “मामा, आईपण हेच म्हणते. दर वेळी. सेम टोनमध्ये.”

रिचमंड

रेवा सुट्टीसाठी माझ्याबरोबरच घरी आली. वसू विमानतळावर आली होती. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, “किती बारीक झालास रे! आणि ही पँट कुठल्या साली शिवलीस?”

घरी सेव-उसळ केलेली. पुण्या-मुंबईचा माणूस हिला मिसळ म्हणेल, आणि बडोद्याचा माणूस त्याच्याशी भांडेल. दिनेश कामावरून आले, हात पुढे केला, “प्रवास बरा झाला ने?” म्हणाले. एवढंच. मग ते मागच्या अंगणात गेले. तिथे त्यांनी गवार आणि मेथी लावली आहे.

“कागद आणलास?” वसूने विचारलं.

“बॅगेत तळाशी आहे. काढतो उद्या.”

दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणालो. ती म्हणाली, “बॅग आहे की विहीर?”

फ्रेम आणून ठेवलेली होती. बैठकीत, सोफ्याच्या वर, खिळासुद्धा ठोकलेला. मी दोन दिवस त्या खिळ्याकडे पाठ करून बसायची जागा शोधत होतो.

जेम्सटाउन

तिसऱ्या दिवशी वसू, रेवा आणि मी जेम्सटाउनला गेलो. रिचमंडहून गाडीने तासाभराचा रस्ता. नदी अफाट रुंद, किनाऱ्याला दलदल, आणि डास असे की आमच्या विश्वामित्रीकाठचे लाजतील. इंग्रजांची टिकलेली पहिली वसाहत ती हीच, प्लिमथच्या तेरा वर्षं आधीची. माझा उजवा रकाना.

इथे शंभरेक पुरुष आणि मुलगे आले, बाई एकही नाही. पाठवणारी व्यापाऱ्यांची कंपनी. सोनं सापडेल, नफा होईल, वर्षा-दोन वर्षांत परत जाऊ, असा हिशोब. त्यात घरंदाज म्हणवणारे खूप, ज्यांनी आयुष्यात कुदळ धरली नव्हती. जो परत जाणार आहे तो विहीर कशाला खणेल? ते नदीचं मचूळ पाणी प्यायले आणि मेले. एका हिवाळ्यात तर असा उपास पडला की त्यांनी आधी आपले घोडे खाल्ले. मग कुत्री. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही.

हे लिहिलेल्या पाटीपुढे मी बराच वेळ उभा होतो. घोडे खाल्ले. म्हणजे त्यांच्यातही घोडेवाले होते.

वसाहत सावरली ती तंबाखूने. तंबाखूला जमीन हवी, म्हणून घरं एकमेकांपासून मैलोगणती दूर. गाव होईना, शाळा होईना. मजूर हवेत, म्हणून नियम निघाला : जो एका माणसाच्या जहाजाचं भाडं भरेल त्याला पन्नास एकर जमीन. ज्याचं भाडं दुसऱ्याने भरलं तो त्याचा बांधील, चार ते सात वर्षं. आणि मग आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. ती ना धर्मासाठी आली ना धनासाठी. त्यांना विचारलंच नव्हतं कुणी. मी त्यांना फळ्यावर ‘तंबाखू, मळे, गुलाम’ असं लिहायचो, तंबाखूच्या पुढे स्वल्पविराम देऊन. मला त्या स्वल्पविरामाची लाज वाटली.

धक्क्याला जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आहेत. त्यातल्या एकावर जुन्या वेशातला एक हसरा दाढीवाला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत होता. त्याने मला अडवलं आणि दरडावून विचारलं, “तुझं भाडं कोणी भरलं?”

मी गोंधळून खरं ते सांगितलं, “माझ्या बहिणीने.”

“आणि बहीण कुठे आहे?”

मी वसूकडे बोट केलं. त्याने तिला वाकून नमस्कार केला. “बाईसाहेब, हा सात वर्षं तुमचा. आणि पन्नास एकर जमीन!”

रेवा पोट धरून हसत होती. वसू म्हणाली, “जमीन घेते. हा नको. याला चहासुद्धा करता येत नाही.”

मीही हसलो. मी आयुष्यभर ज्या गोष्टीवरून माणसं मोजली ती गोष्ट एवढीच होती : भाडं कोणी भरलं? घोडा कोणाचा? आणि वडिलांच्या ‘आपण शिलेदार’ या वाक्याचा अर्थ मला तिथे, त्या हलत्या फळीवर उभा असताना, पहिल्यांदा नीट कळला. माणसं कशासाठी येतात याने गावं खरोखर घडतात. ते दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसतं. पण माणसं कशासाठी आली हे सांगतात कोण? त्यांची नातवंडं. आणि नातवंडांना पोटासाठी आलेला पूर्वज नको असतो. पोटासाठी आलेला माणूस तीन पिढ्यांत धर्मासाठी आलेला होतो, किंवा शिलेदार होतो.

परतताना गाडीत मी ठरवलं की आज सांगायचं. असं मी आधीही दोनदा ठरवलं होतं.

संध्याकाळी चार वाजता वसूने टेबल पुसून त्यावर फ्रेम ठेवली. “काढ आता. आणि रेवाला वाचून दाखव. मी व्हिडिओ घेते.”

मी कागद उलगडला. रेवा खांद्यावरून वाकली, “हे तर सगळं एका धाग्यात शिवल्यासारखं दिसतंय!” मी बोट ठेवून वाचायला लागलो. त्या शब्दापाशी आलो. वसूने फोन माझ्यावर धरला होता. इतक्या वर्षांत मी तो शब्द मनातसुद्धा नीट उच्चारला नव्हता.

“पागेकडील बारगीर,” मी वाचलं. “घोडा सरकारी.”

“म्हणजे?” रेवाने विचारलं.

“म्हणजे आपल्याकडे घोडा नव्हता. सरकारने दिला.”

“ओके. तर तुम्ही पण भाडं दुसऱ्याने भरलेले!” ती हसली, मग आईचा चेहरा पाहून थांबली.

वसूने फोन खाली ठेवला. तिने हसावं असं मला फार वाटत होतं. तिने विचारलं ते एकच. “हे तुला कधी कळलं?”

‘आत्ताच’ म्हणता आलं असतं. ‘गेल्या वर्षी’ म्हणता आलं असतं. तपासणार कोण होतं?

“तुझ्या लग्नाच्या आधी,” मी म्हणालो. “आठ महिने आधी.”

“म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं.”

“हो.”

“तरी बोललास.”

“हो.”

ती बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिली, पुसलेलीच. मग म्हणाली, “चोवीस वर्षं, दादा! चोवीस वर्षं मी मनात तुझ्याशी त्या घोड्यावरून भांडतेय. शिलेदार असलो म्हणून काय झालं, असं भांडायचे मी. आणि घोडा नव्हताच!” तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. “मला काही सांगू नकोस आता. दिनेश येईल सहाला. त्याला सांग. मी सांगणार नाही.”

दिनेश आले, कपडे बदलून मागे गेले. मी त्यांच्या मागे गेलो. ते गवारीला पाणी घालत होते.

“दिनेशराव,” मी म्हणालो. एवढ्या वर्षांत मी त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. नेहमी ‘बरं का’, ‘अहो’, नाहीतर थेट वाक्यच. त्यांनी नळी बाजूला धरली आणि वळून पाहिलं. मी सगळं सांगितलं, वाक्यं जुळवून नाही, जसं आलं तसं.

ते ऐकत होते आणि पाणी एकाच रोपाला पडत होतं. आळं भरून वाहायला लागलं.

“मला का सांगता, दादा?” ते शेवटी म्हणाले. “मला तर बायको मिळाली. अमेरिका मिळाली. माझं काय वाईट झालं? बोललात ते बाबांना. ते तर गेले.” नळी पुढच्या आळ्यात सोडून ते म्हणाले, “आई आहे. तरसालीला, धाकट्याकडे. तुमच्या घरापासून किती, आठ किलोमीटर? तुम्ही एवढं लांब कशाला आलात?”

पुढचे पाच दिवस वसूने मला वेळेवर जेवायला घातलं, औषधं विचारली, दोन ठिकाणं दाखवली. जेवढ्यास तेवढं बोलली. तिने कागद फ्रेममध्ये घातला आणि खिळ्याला लावला. “बारगीर तर बारगीर. खरा तर आहे,” रेवाला म्हणाली, मला नाही. निघताना विमानतळावर तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मी त्याचा जास्त अर्थ काढत नाही.

तरसाली

परतल्यावर आठवडाभर मी गेलो नाही. जेट लॅग म्हणून सांगत होतो, बायकोला आणि स्वतःलाही. मग एका सकाळी रावपुऱ्यातून रिक्षा केली. अर्धा तास लागला. जन्मभर या शहरात राहून तरसालीच्या त्या सोसायटीत मी पहिल्यांदाच गेलो होतो. प्लिमथ मी आधी पाहिलं.

एकमजली घर, दारात तुळस, बाजूला मुलाची मोटारसायकल. दिनेशच्या आई ठेंगण्या, कमरेत वाकलेल्या, लुगडं नेसलेल्या. जाळीच्या दाराआडून त्यांनी विचारलं, “कोन शे?” मग बाहेर येऊन माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या खानदेशी बोलीत म्हणाल्या, “काबर उनात, भाऊ?” का आलात?

मी नाव सांगितलं. वसुधाचा भाऊ म्हणालो. त्यांनी दाराची कडी धरून ठेवली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कागदाचं, शब्दाचं, मला आधीच माहीत होतं त्याचं. घोडा सरकारी होता, हेही सांगितलं.

“घोडा तुमचा का सरकारचा, आम्हाला काय करायचं त्याचं?” त्या म्हणाल्या. “यांना राग घोड्याचा नव्हताच.”

“मग?”

“तुम्ही बोलले, पोटासाठी आले. ते खरंच होतं ना. पोटासाठीच आलो. तिकडे विहीर आटली, जमीन गेली, दोन पोरं घेऊन आलो. हे सगळ्यांना सांगायचे, पोटासाठी आलो म्हणून. अभिमानाने सांगायचे. ज्याने पोटं भरली त्याने का लाजायचं?” त्यांनी पदर खांद्यावर ओढला. “तुमच्याकडून आले त्या दिवसापासून ते सांगायचं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, बदली झाली. तुम्ही खरं तेच बोलले, भाऊ. पण शिवी दिल्यासारखं बोलले.”

“हो,” मी म्हणालो. “तसंच बोललो.”

माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ करून नेली होती, ती या बाईंच्या पुढे शाळेतल्या उत्तरासारखी वाटली असती. मग त्यांनी कडी सोडली आणि पाठ फिरवून आत गेल्या. जाळीचं दार त्यांच्यामागे उघडंच राहिलं. आत जावं की निघावं ते मला कळेना. मी तसाच उभा राहिलो, ऊन पाठीवर घेत.

आतून आवाज आला, “चपला बाहेर काढा. आत्ताच फरशी पुसलीय.”